एका मुखी दोन भाषा

इंदूर किंवा जबलपूर अशा एखाद्या शहरातील मराठी घरात तीन वर्षांचे मूल आजीजवळ भूक लागल्याची तक्रार मराठीत करते, अंगणात उतरताच शेजारच्या मुलाशी खेळण्यावरून हिंदीत भांडते, आणि भांडणात हार झाली की रडत रडत पुन्हा आजीपाशी येऊन सारी हकीकत मराठीत सांगते. या धावपळीत आपण दोन भाषा बोललो याची त्याला दादही नसते. 'मराठी' आणि 'हिंदी' ही नावे त्याच्या कानावर पुष्कळ उशिरा पडतात. आजीशी असे बोलायचे आणि शेजारच्या मुलाशी तसे, एवढेच त्याला ठाऊक असते. घरातील मोठ्या माणसांना यात काही नवल वाटत नाही. नवल करण्याऐवजी पुष्कळदा त्यांना काळजीच वाटू लागते. मूल चार शब्द उशिरा बोलले, किंवा एका वाक्यात दोन्हींकडचे शब्द मिसळू लागले, की त्याचा गोंधळ उडतो आहे असे कोणीतरी सुचवितो. पुढे ते शाळेत जाऊ लागले म्हणजे घरीही शाळेचीच भाषा बोलत जा, असा निरोप येतो, आणि आईबाप तो मुकाट्याने मानतात. येथे निर्णय एका मुलाच्या प्रगतिपुस्तकाचा नसतो. आजी आणि नातू यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, किंबहुना बोलावे की नाही, याचाच तो निर्णय असतो.

दोन भाषा मुलाच्या बुद्धीला जड होतात, ही समजूत केवळ अडाणीपणाची नव्हे. तिला एके काळी शास्त्राचा आधार होता. १९२३ मध्ये सेअर नावाच्या संशोधकाने वेल्स प्रांतातील मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणारी खेड्यांतील मुले केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या मागे असल्याचे त्यात दिसले. हा निष्कर्ष पुढे अनेकांनी उचलून धरला. परंतु त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. शहरातील द्विभाषिक मुले मुळीच मागे नव्हती. दोन भाषांचा भार खेड्यात जाणवतो आणि शहरात नाहीसा होतो, हे कसे? उघडच आहे की खेड्यातील मुलांची गरिबी आणि शिक्षणाची उणीव यांचे खापर त्यांच्या घरच्या भाषेवर फुटले होते.

हा हिशेब चोख करण्याचे काम १९६२ मध्ये कॅनडातील माँट्रियल शहरी पील आणि लँबर्ट यांनी केले. त्यांनी फ्रेंच शाळांतील दहा वर्षांची मुले घेतली आणि घरची सांपत्तिक व सामाजिक स्थिती सारखी राहील अशी दक्षता घेतली. तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुले बहुतेक चाचण्यांत पुढेच निघाली. यावरही आक्षेप आहे. दोन्ही भाषा उत्तम येणारीच मुले निवडली, तर हुशार मुलेच वेचली जाण्याचा संभव उरतो. अशा वेळी आपल्याकडील एक उदाहरण अधिक बोलके आहे. ओरिसातील फुलबनी भागातील कोंध आदिवासींपैकी काही ठिकाणच्या लोकांनी आपली कुई भाषा सोडून केवळ ओडिया धरली होती, तर काही ठिकाणी दोन्ही भाषा नांदत होत्या. समाज तोच, दारिद्र्य तेच, फरक काय तो भाषेचा. अजित मोहंती यांनी या दोन्ही गटांतील मुलांची तुलना केली, तेव्हा कुई टिकवून धरलेली द्विभाषिक मुले सरस ठरली. कुई सोडल्याने मुलांचा काही लाभ झाला होता, असे त्यांत कोठेच आढळले नाही.

द्विभाषिकतेने बुद्धीला नेहमीच अधिक धार येते काय, याविषयी तज्ज्ञांत अजून वाद आहे, आणि काही मोठ्या पाहण्यांत तसा लाभ आढळलेलाही नाही. २०१३ मध्ये हैदराबादेतील संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरीने साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे तीत दिसले, आणि हा फरक शाळेचे तोंड न पाहिलेल्या निरक्षरांतही होता. या एका पाहणीवरून दुसऱ्या भाषेला औषध ठरविणे उतावीळपणाचे होईल. ती विष नाही, एवढे मात्र आता निश्चयाने म्हणता येते.

मग मूल दोन भाषा शिकते तरी कसे? याचा आरंभ पहिला शब्द उमटण्याच्या कितीतरी आधी होतो. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यात आपल्या ओळखीचे दोन वर्ण आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला आपला 'त' आणि 'ट' यांतील भेद सहसा ऐकूच येत नाही. त्याच्या कानाला दोन्ही एकच. परंतु इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या तान्ह्या मुलांना हा हिंदीतील भेद बिनचूक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईतो त्यांचे हे ज्ञान जवळजवळ लोपलेले होते. म्हणजे मूल जगातील कोणतीही भाषा ऐकण्याच्या तयारीने जन्मास येते, आणि वर्ष भरेपर्यंत घरच्या भाषेला नको असलेले भेद टाकून देते. मराठी माणसालाही याचा अनुभव उलट बाजूने येतो. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतील 'ज' निराळे आहेत, हे मराठी मुलाला कोणी शिकवीत नाही. पण मराठी शिकू पाहणारा हिंदी भाषिक त्यांत कित्येक वर्षे चुकत राहतो. उलट इंग्रजीत 'व'चे जे दोन उच्चार आहेत, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांना एकच वाटतात. ज्या घरात दोन भाषा आहेत, तेथे मूल दोन्हींना लागणारे भेद राखून ठेवते.

अशा मुलांच्या वाढीची बारकाईने टिपणे प्रथम आईबापांनीच ठेवली. झ्यूल रोंजा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाची पत्नी जर्मन भाषिक होती. बापाने मुलाशी केवळ फ्रेंच आणि आईने केवळ जर्मन बोलावे असा नेम त्यांनी पाळला आणि त्याचा वृत्तांत १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत लेओपोल्ड यांनी आपली कन्या हिल्डेगार्ड हिच्या भाषेविषयी १९३९ ते १९४९ या काळात चार खंड लिहिले. बाप जर्मन बोले, आई इंग्रजी. मुलीची जर्मन साहजिकच मागे पडत होती. पाचव्या वर्षी ती काही महिने जर्मनीत राहिली, तेव्हा पारडे इतके फिरले की तिची इंग्रजी अडखळू लागली. परत आल्यावर थोड्याच अवधीत पुन्हा इंग्रजी वर आली. मुलाच्या भाषा अशा भरती-ओहोटीने चालतात. आज एक भाषा मागे हटलेली दिसली म्हणून ती मेली असे समजण्याचे कारण नाही. तिला पुन्हा बोलणारी माणसे भेटणे मात्र अवश्य आहे.

'एक व्यक्ती, एक भाषा' हा रोंजांचा नेम युरोपातील लहान कुटुंबास शोभण्यासारखा आहे. आपल्याकडील घरात आजी, काका, शेजारीण, भाजीवाला अशी इतकी माणसे मुलाशी बोलतात की कोणी नेम पाळावयाचा म्हटले तरी तो पाळला जाणार नाही. तरीही मुले बिघडत नाहीत. मुलाला भाषा प्रसंगाशी आणि माणसाशी बांधलेली आढळली, की तेवढ्यावर त्याचे काम भागते.

मोठेपणी शिकणाऱ्याची गोष्ट निराळी. अमेरिकन शास्त्रज्ञ लेनबर्ग यांनी १९६७ मध्ये असे मत मांडले की भाषा सहजतेने आत्मसात करण्याची मेंदूची पात्रता तारुण्याच्या उंबरठ्याशी ओसरू लागते. २०१८ मध्ये सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजीची एक प्रचंड चाचणी प्रसिद्ध झाली. तीत व्याकरण शिकण्याची शक्ती साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते असे दिसले. तथापि लहान मूल सर्वांत लवकर शिकते ही समजूत अर्धीच खरी आहे. हॉलंडमध्ये येऊन राहिलेल्या इंग्रजी भाषिकांची पाहणी १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आरंभीच्या महिन्यांत सर्वांत जलद प्रगती केली ती बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी, आणि प्रौढही बालकांच्या पुढे होते. मोठा माणूस नियम ओळखतो, तुलना करतो, लिहून ठेवतो. बालकाजवळ यांपैकी काही नसते, पण त्याच्याजवळ वर्षे असतात आणि लाज नसते. शेवटी ते पुढे निघून जाते, विशेषतः उच्चारात.

आणि उच्चार म्हणजे सर्वस्व नव्हे. काकासाहेब कालेलकर साताऱ्यात जन्मलेले मराठी गृहस्थ. गुजराती त्यांनी मोठेपणी आपलीशी केली, आणि ती अशी की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. १९६५ मध्ये साहित्य अकादमीचे गुजरातीचे पारितोषिकही त्यांना मिळाले. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. कन्नड काव्याचे ते मानदंड झाले आणि ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. आधुनिक हिंदी कवितेतील एक थोर नाव गजानन माधव मुक्तिबोध यांचे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील नामवंत कवी. एकाच आईच्या मांडीवर वाढलेल्या दोन भावांनी दोन भाषांत कविता लिहावी, याहून द्विभाषिकतेचा अधिक चांगला दाखला शोधून सापडणार नाही. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट आहेत, हेही येथे आठवावे.

दुसरी भाषा शिकताना चुका होतात त्यांना आपण हसतो, परंतु त्या चुका फार शहाण्या असतात. मराठी माणूस हिंदीत 'मैं किताब पढ़ा' म्हणून जातो. 'मैंने किताब पढ़ी' असे म्हणावयास हवे हे त्याला सांगितलेले असते, तरीही 'ने' गळतो. याचे कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत आहे. मराठीत 'रामाने पुस्तक वाचले' येथे 'ने' येतो, पण 'मी पुस्तक वाचले' येथे येत नाही. तो मराठीचा नियम प्रामाणिकपणे हिंदीत पाळीत असतो. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. आत्मा आपल्याकडे पुरुष, तिकडे स्त्री. आणि सारखे दिसणारे शब्द तर अधिकच घात करतात. हिंदी गृहस्थाने 'माझ्या मुलाला उत्तम शिक्षा मिळाली' असे कौतुकाने म्हणावे आणि मराठी श्रोत्याने मुलाचा अपराध काय म्हणून विचारावे! 'चेष्टा' या शब्दाचीही तीच तऱ्हा आहे. हिंदीत ती प्रयत्न असते, मराठीत थट्टा.

उरिएल वाइनराइख यांनी १९५३ मध्ये भाषासंपर्कावरील आपल्या ग्रंथात एका भाषेच्या दुसरीवर पडणाऱ्या या छायेची पद्धतशीर मांडणी केली. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. शिकणाऱ्याची चूक हा त्याच्या मनात चाललेल्या नियमरचनेचा पुरावा आहे, तेव्हा शिक्षकाने ती खोडण्यापूर्वी वाचावी, असे त्यांचे म्हणणे. हिंदी शिकणारे मराठी मूल जी हिंदी बोलते, ती मराठीही नसते आणि हिंदीही नसते. मधल्या मुक्कामाची ती एक स्वतंत्र भाषा असते, आणि तिचे व्याकरण दर महिन्याला बदलते. एकाच चुकीसाठी वर्षभर छडी खाणारे मूल कित्येकदा दुसऱ्या वर्षी आपोआप सुधारते, त्याचे श्रेय छडीला जाते.

मिश्रणाविषयीही असेच म्हणता येईल. 'भेसळीची भाषा' म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्यातही शिस्त असते. बस इंग्रजीतून आली, तेथे तिला लिंग नव्हते. मराठीत शिरताच ती स्त्रीलिंगी झाली, टेबल नपुंसकलिंगी झाले, आणि हा निवाडा करण्यास कोणतीही समिती बसली नव्हती. दोन्ही भाषा ज्याला खरोखर येतात तोच दोन्हींचे नियम न मोडता मिसळू शकतो. एखादी भाषा धड न येणाऱ्याला ते साधत नाही.

या साऱ्याचा सर्वांत विलक्षण नमुना मराठी मुलखाच्या सीमेवरच आहे. सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत या गावाचे नाव पोहोचले. तेव्हा गावाची वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. जैन जमीनदार व लिंगायत यांची घरची भाषा कन्नड, मुसलमानांची उर्दू, दलित व भूमिहीन मजुरांची मराठी, आणि दोर वळणाऱ्या काही कुटुंबांची तेलुगू. शेतावर, बाजारात, चावडीवर ही सारी माणसे रोज एकत्र येत, आणि बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा येत. ही व्यवस्था शतकानुशतके चालली होती. एवढ्या अवधीत सर्वांनी एकच भाषा का धरली नाही? कारण घरची भाषा ही आपल्या जमातीची खूण होती, आणि घरात, धर्मकार्यात, सोयऱ्याधायऱ्यांत ती बोलणे हाच आपलेपणा होता. मराठी ही गावातील वजनदार गटांपैकी कोणाचीही घरभाषा नव्हती. म्हणून ती तटस्थ ठरली, आणि परस्परांशी बोलताना मराठी वापरल्याने कोणालाही कमीपणा येत नव्हता.

भाषा सोडावयाच्या नाहीत आणि दिवसातून दहा वेळा एकीतून दुसरीत जावयाचे आहे, अशा पेचातून गावाने जी वाट काढली ती कोणी योजून काढलेली नव्हती. शब्द आपापले राहिले, पण वाक्यांचे सांगाडे एकमेकांजवळ सरकत सरकत जवळजवळ एक झाले. मराठी बोलणारा म्हणे, 'पाला जरा कापून घेऊन आलो'. त्याच जागी उर्दू बोलणारा म्हणे, 'पाला जरा काट के ले के आया'. कन्नड वाक्यात शब्द निराळे, परंतु तुकड्यांचा क्रम आणि जोडणी तीच. एका भाषेतील तुकडा उचलावा आणि त्या जागी दुसरीतला ठेवावा, की भाषांतर पुरे. प्रमाण कन्नडात 'हे तुमचे घर' एवढे म्हटले की वाक्य पुरे होते, 'आहे' लागत नाही. कुपवाडच्या कन्नडात 'आहे' सारखे क्रियापद येऊन बसले. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलावे तर आम्ही, धरून बोलावे तर आपण. प्रमाण उर्दूत दोहोंना 'हम' एकच, पण कुपवाडच्या उर्दूने 'अपुन' घेऊन तो भेद स्वीकारला. देणेघेणे एकाच दिशेने मात्र नव्हते. कन्नडात मनुष्याखेरीज इतर वस्तूंना स्त्री-पुरुष असा लिंगभेद नाही. तेथील मराठीने तो धडा गिरविला, आणि 'नदी आली' याऐवजी 'नदी आलं' अशा धर्तीचे बोलणे रूढ झाले. पुण्याच्या शिक्षकाने त्यावर लाल रेघ ओढली असती. वस्तुतः ते शेजारधर्माचे व्याकरण होते.

हा समतोल कायम राहिला नाही. भाषावार प्रांतरचना होऊन १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. शाळा, कचेरी आणि नोकरी यांची भाषा मराठी झाली. कुपवाड पुढे कारखान्यांची वसाहत होऊन सांगली-मिरजेच्या महानगरपालिकेत सामील झाले. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तेथील भाषांचा पुन्हा अभ्यास करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा मराठीचे पारडे जड झालेले होते. जी भाषा कोणाचीच नव्हती म्हणून सर्वांची झाली होती, तिच्या पाठीशी आता सत्ता उभी होती.

महाराष्ट्राबाहेर हेच चित्र आरशातल्यासारखे उलटे दिसते. तंजावरात मराठे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. तेथील शहाजी राजाच्या नावावर असलेल्या 'पंचभाषाविलास' या नाटकात निरनिराळ्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात, आणि तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी व संस्कृत अशा पाच भाषा एकाच रंगभूमीवर नांदतात. प्रेक्षकांना त्या कळत असल्याशिवाय असे नाटक लिहिले गेले नसते. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ चा विस्तीर्ण मराठी शिलालेख आहे. १८५५ मध्ये संस्थान खालसा झाले, दरबारातील मराठी गेली. तरी घरातील मराठी उरली. शाळा तमिळ, बाजार तमिळ, आणि उंबऱ्याच्या आत तमिळ शब्दांनी भरलेली पण मराठी धाटणीची बोली, अशी ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. याउलट मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी लोकांच्या वंशजांना आज शाळेत मराठी विषय घेता येतो, परंतु त्यांच्यातील बहुतेकांच्या घरी क्रिओल बोलली जाते. दोन्ही ठिकाणांची तुलना केली म्हणजे शाळा काय करू शकते आणि स्वयंपाकघर काय करू शकते, याचा अंदाज येतो.

शाळेलाही स्वतःचे कर्तव्य आहेच. कॅनडातील जिम कमिन्स यांनी दाखविले की परभाषेत खेळण्या-बोलण्यापुरती गती मुलाला दोनएक वर्षांत येते, परंतु त्या भाषेतून गणित आणि इतिहास समजून घेण्याइतकी ती मुरण्यास पाच ते सात वर्षे लागतात. मूल फडाफड बोलू लागले की शिक्षकाला वाटते आता सारे समजते, आणि पुढे ते नापास झाले की बुद्धी मंद ठरते. घरच्या भाषेत जी समज पक्की झालेली असते तीच दुसऱ्या भाषेत उतरते, असाही त्यांचा निष्कर्ष आहे. मग घरी मराठी बोलू नका, हा निरोप मुलाच्या हातातील काठी काढून घेऊन त्याला डोंगर चढावयास सांगण्यासारखा होतो.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २६ टक्के लोकांनी आपल्याला दुसरी एखादी भाषा येते असे नोंदविले, आणि सात टक्क्यांनी तिसरीही. मातृभाषेखेरीज आणखी दोनच भाषांची नोंद होते, चौथीला रकाना नाही. शिवाय जी भाषा आपण शाळेत शिकलो नाही ती 'येते' असे सांगण्यास पुष्कळजण संकोचतात. भाजी विकताना गिऱ्हाईक पाहून तीन भाषांत भाव सांगणारी बाई, कोणी विचारले तर, आपल्याला एकच भाषा येते म्हणून सांगते.